ठिणगी कुठे हरवली?

प्रीमियर पद्मिनी जातीची मुंबईतली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिचा काळा-पिवळा प्रवास थांबला. टॅक्सी गेली, तरी गाडी गेलेली नाही. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी सांभाळलेली पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० आजही अनेक घरांच्या गॅरेजमध्ये उभी आहे. रविवारी सकाळी ती बाहेर निघते आणि कधी कधी चौकात, कधी घाटात बंदही पडते.

आजची मोटार बंद पडली तर मेकॅनिक तिला स्कॅनर जोडतो. गाडीतला संगणक बिघाडाचा क्रमांक सांगतो आणि शोधाला निदान एक दिशा मिळते. जुन्या गाडीत संगणक नाही. ती फक्त लक्षणे दाखवते. लक्षणांवरून आजार ओळखण्याचे काम माणसाचे.

इथेच गडबड होते. गाडी अडखळू लागली की आधी प्लग बदलले जातात. फरक पडला नाही तर कॉईल, मग कंडेन्सर, मग कार्ब्युरेटरची साफसफाई. कधी बिघाड तसाच राहतो. कधी तो जातो, पण कशामुळे गेला ते कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा उगवतो. तपासणी न करता औषधांवर औषधे देत राहण्यासारखेच हे. खर्च होतोच, शिवाय घरातली मंडळी घेऊन निघालेली गाडी महामार्गाच्या मधल्या मार्गिकेत अचानक बंद पडण्याचा धोका कायम राहतो.

बारा व्होल्टचे वीस हजार कसे होतात

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी ठिणगी पाडून ते पेटवले जाते. हवेच्या दाबाखालच्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. बॅटरी देते बाराच. ही दरी भरून काढते ती कॉईल.

कॉईलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, काहीशे वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो वेढ्यांचे. जाड तारेतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्र तयार होते. हा प्रवाह झटक्यात तोडला की क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत दहा ते वीस हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचाच हा उपयोग. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइपमध्ये 'धप्प' असा धक्का बसतो. कॉईलमधला धक्का साधारण तसाच.

प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधले 'पॉइंट' करतात. धातूचे हे दोन छोटे संपर्कबिंदू इंजिनाच्या गतीनुसार उघडतात आणि मिटतात. उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी उडू नये, प्रवाह पटकन तुटावा, यासाठी शेजारी कंडेन्सर असतो. तयार झालेला उच्च दाब मग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत फिरणाऱ्या रोटरमधून ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगकडे जातो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा सगळा खेळ दर सेकंदाला शंभर वेळा होतो.

ही रचना अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी ओहायो राज्यातल्या डेटन शहरात विकसित केली आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संशोधन संस्थेच्या नावातले केटरिंग ते हेच. पुढची साठ-सत्तर वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी याच पद्धतीवर धावल्या. भाग मोजके, प्रत्येक भागाचे काम वेगळे आणि प्रत्येक काम तपासता येण्याजोगे. त्यामुळे जुन्या गाडीतला बिघाड शोधणे हे घरबसल्या करता येणारे एक शुद्ध वैज्ञानिक काम आहे.

आधी विचारपूस, मग पाना

चांगला डॉक्टर स्टेथोस्कोप लावण्याआधी प्रश्न विचारतो. गाडीबाबतही तेच. बिघाड थंड इंजिनात होतो की तापल्यावर? पाऊस पडल्यावर की कोरड्या दिवशीही? चढावर जोर लावताना की सिग्नलला उभे असताना? गाडी किती महिने उभी होती? शेवटी कोणी, कुठल्या भागाला हात लावला?

बंद पडण्याची पद्धतही बोलकी असते. एखादे बटण बंद करावे तसे इंजिन क्षणात थांबले, तर साधारणपणे संशय विजेच्या बाजूला जातो. आचके देत, दम लागल्यासारखे होत थांबले, तर पेट्रोल कमी पोहोचत असण्याची शक्यता अधिक. हा पुरावा नाही, फक्त शोध कुठून सुरू करायचा याचा इशारा आहे.

शोध सुरू करताना सूत्र एकच ठेवावे. अशी चाचणी आधी करावी जिच्या उत्तराने निम्म्या शक्यता बाद होतील, आणि तीही काही न बदलता.

पहिली चाचणी बॅटरीची. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना तो आकडा दहाच्या बराच खाली घसरत असेल तर कॉईलला पुरेशी वीज मिळणारच नाही. बॅटरीची टोके आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असेल तरीही हेच घडते. इंजिन सुस्त फिरत असताना प्लगला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी चाचणी ठिणगीची. एका सिलिंडरची वायर काढून जादा प्लगला जोडावी. प्लगचा धातूचा भाग इंजिनाला नीट टेकवून ठेवावा, हातात धरू नये, आणि दुसऱ्याने स्टार्टर मारावा. कडकडणारी निळसर ठिणगी दिसली तर कॉईल, पॉइंट, कंडेन्सर बहुतांशी ठीक आहेत. पिवळट, बारीक ठिणगी म्हणजे दाब कमी. ठिणगीच नसेल तर हीच चाचणी कॉईलमधून निघणाऱ्या मधल्या जाड वायरवर करावी. तिथे ठिणगी आहे पण प्लगला नाही, म्हणजे ती टोपी, रोटर किंवा प्लगच्या वायरमध्ये वाटेतच गळते आहे. तिथेही नाही, तर शोध कॉईलच्या मागे न्यावा.

तिसरी चाचणी साध्या टेस्ट लॅम्पची. कॉईलच्या ज्या टोकापासून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते त्या टोकाला आणि इंजिनाला दिवा जोडून स्टार्टर मारावा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडत-मिटत आहेत. तो सलग पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही त्यांच्यात वीज वाहत नाही. दिवा पेटलाच नाही तर दोन शक्यता उरतात. एकतर किल्लीच्या स्विचकडून वीज येत नाही, किंवा पॉइंटच्या बाजूला कुठे तरी तार थेट धातूला टेकली आहे. कंडेन्सर आतून शॉर्ट झाला तरी हेच दिसते. पंधरा मिनिटांच्या या तीन चाचण्यांत दहा-बारा संशयितांतले दोन-तीनच उरतात आणि एकही भाग विकत घ्यावा लागत नाही.

बऱ्याचदा दोष फार क्षुल्लक निघतो. गाडी चार-सहा महिने उभी राहिली की पॉइंटवर गंजाचा पातळ थर चढतो आणि वीज वाहत नाही. बारीक पॉलिश पेपरची दोन बोटे फिरवून, कोऱ्या कागदाने पुसून गाडी सुरू होते. पॉइंट डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर घासत उघडतात, त्यामुळे त्यांची फायबरची टाच झिजते आणि फट कमी होत जाते. फिलर गेजने ती मोजून गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवायची असते. अशा गाड्यांत ती साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. डिस्ट्रिब्युटरच्या आत एक नाजूक, सतत हलणारी अर्थिंगची वायर असते. ती वरून शाबूत दिसते आणि आतून तुटलेली असते. गाडी कधी नीट चालते, कधी नाही, अशी तक्रार असेल तर ती हलवून पाहायला विसरू नये.

ओल्या फडक्याने नेमके काय केले?

जुन्या गाड्यांची सर्वांत फसवी तक्रार म्हणजे तापल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू. मे महिन्यातला घाट, गाडीत पाच माणसे, दुसऱ्या गिअरमध्ये चढण. माथ्यावर येता येता इंजिन थांबते. एके काळी घाटात हे दृश्य नेहमीचे होते. चालक बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचा, सगळे चहा प्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटांत गाडी सुरू व्हायची. 'पेट्रोलची वाफ झाली होती,' हे निदान त्यावर ठरलेले.

ते अनेकदा बरोबरही असायचे. जुन्या गाड्यांचा पंप गरम इंजिनालाच बसवलेला असतो. उष्णतेने पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि द्रव खेचण्यासाठी बनवलेला पंप वाफ खेचू शकत नाही. पण कॉईलचा एक आजार अगदी असाच वागतो. तिच्या बारीक तारेवरचे आवरण जुने झाले की थंड असताना ते टिकते, तापल्यावर मात्र आतल्या आत वीज गळू लागते आणि ठिणगी नाहीशी होते. कॉईल थंड झाली की सारे पूर्ववत. कमकुवत झालेला कंडेन्सरही कधी कधी हेच करतो.

चहा पिऊन होईपर्यंत पंप थंड होतो, तशी कॉईलही थंड होते. गाडी सुरू झाली ती फडक्यामुळे, असे चालकाला वाटते. प्रत्यक्षात काम वेळेने केलेले असू शकते. उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर होते असे ठरत नाही. आपोआप उतरणाऱ्या तापावर शेवटी घेतलेल्या काढ्याला श्रेय मिळते, तसाच हा प्रकार. वैद्यकीय संशोधनात औषध दिलेल्या रुग्णांची तुलना औषध न दिलेल्यांशी करतात, त्याचे एक कारण हेच.

दोन्हींतला फरक ओळखण्याची एकच खात्रीची वेळ असते, ती म्हणजे गाडी बंद पडलेला क्षण. थंड झालेल्या गाडीवर गॅरेजमध्ये केलेली तपासणी इथे निरुपयोगी ठरते, कारण तेव्हा आजार हजरच नसतो. म्हणून डिकीत एक जादा प्लग आणि टेस्ट लॅम्प ठेवावा. गाडी थांबली की ती सुरक्षित बाजूला घ्यावी. पेट्रोलचा वास येत नाही ना, कुठे गळती नाही ना, हे पाहून लगेच ठिणगी तपासावी. निळी, जोरकस ठिणगी मिळाली तर वीज निर्दोष, पंपाकडे वळावे. ठिणगी नसेल तर पंपाला हातही लावू नये. दिवा लुकलुकतो आहे आणि तरीही कॉईलमधून ठिणगी येत नाही, तर संशय कॉईलवर आणि कंडेन्सरवर. किल्ली बंद करून फक्त कॉईलवर ओले फडके ठेवावे. पंप तापलेलाच असताना ठिणगी परतली, तर आरोपी जवळजवळ सापडला. कंडेन्सरची शंका उरली तर खात्रीचा दुसरा लावून पाहता येते.

कॉईल बदलतानाही एक सापळा आहे. बारा व्होल्टच्या काही कॉईलच्या जाड वेटोळ्याचा रोध सुमारे तीन ओहम असतो. काहींचा दीडच असतो आणि त्यांच्यासोबत वेगळा रेझिस्टर लावावा लागतो. रेझिस्टर नसलेल्या गाडीत दीड ओहमची कॉईल बसवली तर चारऐवजी आठ अँपिअर प्रवाह वाहतो. गाडी आधी झकास चालते, नंतर कॉईल भाजते आणि पॉइंट जळतात. नवा भाग हा निरोगी भाग असतोच असे नाही. म्हणून चालू स्थितीतला जुना भाग काढल्यावर फेकू नये.

ओलावा, अंधार आणि अदलाबदल

पावसाळ्यातली तक्रार वेगळी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर ओलावा साचला की उच्च दाबाची वीज प्लगकडे जाण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून पळ काढते. टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली की गाडी बहुधा सुरू होते. पुसूनही ती अडखळत असेल तर टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ आहे का ते पाहावे. वीज त्याच वाटेने वारंवार गेल्याने ती रेघ जळून तयार होते आणि पुढे कोरड्या हवेतही वाहक बनते. अशी टोपी बदलावीच लागते. जुन्या वायरींची गळती शोधायची तर रात्रीच्या अंधारात, मोकळ्या जागी, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावे. आवरण फुटलेल्या ठिकाणी निळसर चमक दिसते.

चारपैकी एकच सिलिंडर 'मिसिंग' करत असेल तर अदलाबदलीची चाचणी उत्तम. इंजिन थंड झाल्यावर संशयित प्लग काढून शेजारच्या सिलिंडरमध्ये लावावा आणि शेजारचा इकडे. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. दोष जागेवरच राहिला तर वायर, टोपी किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हा प्रयोगशाळेतला नियम इथे प्लग पान्याच्या साहाय्याने पाळला जातो. काढलेल्या प्लगचे टोकही वाचता येते. फिकट तपकिरी, बिस्किटासारखा रंग निरोगी. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओलसर, तेलकट काळेपणा म्हणजे ऑइल ज्वलनकक्षात येते आहे. पांढरे, भाजलेले टोक अति उष्णता सांगते.

ठिणगी आहे, पण वेळ चुकली

ठिणगी जोरकस असूनही गाडी ओढत नसेल तर प्रश्न वेळेचा असू शकतो. मिश्रण पूर्ण पेटायला काही सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पडावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात फिरणारी छोटी वजने असतात. ती गंजून अडकली की पिकअप जातो आणि दोष कार्ब्युरेटरवर येतो. पॉइंटची फट कमी झाली तरी ते उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. उशिरा पडलेल्या ठिणगीने इंजिन तापते. फार लवकर पडली तर चढावर इंजिनातून टकटक ऐकू येते. ही नॉकिंगची खूण, आणि ती दीर्घकाळ चालू दिली तर पिस्टनचे नुकसान होते.

या टकटकीने विसाव्या शतकाच्या आरोग्यावर मोठा घाव घातला आहे. ती थांबवण्यासाठी केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा मार्ग शोधला. इंजिने शांत झाली, पण धुरातून शिसे हवेत, धुळीत आणि मुलांच्या रक्तात गेले. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करते. भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा जगातून पूर्ण शेवट झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये जाहीर केले. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेतला टायमिंगचा आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आहे, हे ध्यानात ठेवून आज तो किंचित जुळवून घ्यावा लागतो. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होऊ शकतात. त्यातून येणारा कचरा आणि गळती यांची लक्षणे इग्निशनच्या बिघाडासारखीच भासतात. पाइप वेळेत बदलणे हा निदानाचाच भाग समजावा.

जुन्या गाडीसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे उपकरण म्हणजे वही. बिघाड कधी झाला, तेव्हा इंजिन किती तापले होते, ठिणगी कशी होती, काय बदलले आणि त्यानंतर काय झाले, हे तारखेसह लिहून ठेवावे. पॉइंट आणि कंडेन्सर हाताळलेल्या मिस्त्रींची पिढी आता थकली आहे. त्यांच्या कानाला जे एका आवाजात कळायचे ते पुढच्या हातांना नोंदींमधूनच कळेल.

हे सांभाळा

• इंजिन बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखू लागले, चक्कर आली तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे.
• ठिणगीची चाचणी कार्ब्युरेटर, उघड्या प्लगचे भोक आणि पेट्रोलचा पाइप यांच्यापासून दूर करावी. अग्निशामक हाताशी असावा.
• प्लगची वायर चालू इंजिनात हाताने उपटू नये. झटक्याने हात पंख्यात किंवा पट्ट्यात जाऊ शकतो. पेसमेकर बसवलेल्यांनी या चाचण्यांपासून लांब राहावे.
• इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉईल तापत राहते.
• गाडी रस्त्यात थांबली तर आधी माणसे रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी न्यावीत. बॉनेट त्यानंतर उघडावे.